पोर्तुगालचे कागद, गिरीजचा ओटा

इनासदादा,

काल दुपारी तुझा फोन वाजला. वहिनी आत होती, तुझी प्रीती कामावर गेली होती, म्हणून मीच उचलला. पलीकडे एलीन होती. पोर्तुगालात माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी, ऐंशी ओलांडलेली इंग्लिश बाई. ब्रिटनच्या पेन्शनवाल्यांकडून तिला 'तुम्ही हयात आहात ना' असं विचारणारा फॉर्म आला होता, आणि त्यावर साक्षीदार म्हणून कोणाची सही चालेल हे तिला तुला विचारायचं होतं. मी म्हटलं, इनास आठ दिवसांपूर्वी गेला. निघताना घाईत तिला सांगायचं राहून गेलं होतं. ती म्हणाली, "आता मी कोणाला विचारू?" मी तिला सांगितलं, तू सांगायचास तसंच: नात्यातला माणूस नको, घरात राहणारा नको, डॉक्टर किंवा फादर चालेल, आणि तारीख सही केली त्याच दिवसाची घाल. फोन ठेवला आणि ओट्यावर बसून रडले. दफनाच्या वेळी मला रडू आलं नव्हतं, हे वहिनीच्या लक्षात आलं होतं. ती आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

आपण दोघं बोलायचो ते आपल्या घरच्या बोलीत. ती लिहायला बसले की हात अडखळतो, म्हणून ही शाळेतली मराठी. तू शाळेचा हेडक्लार्क, तुला चालेल.

लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ज्या माणसाने स्वतः कधी पासपोर्ट काढला नाही, जो आयुष्यात फार तर वेलंकणीच्या यात्रेपर्यंत गेला, तो गिरीज गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून पोर्तुगालात राहणाऱ्या ब्रिटिश म्हाताऱ्यांचे कागद करून द्यायचा. आधी माझे केलेस. मग एलीनचे. मग एलीनच्या चर्चमधल्या एका जोडप्याचे. मग ते जोडपं स्पेनमध्ये राहायला गेलं तर तिथलेही नियम वाचलेस. वाडीतून केळीचा घड तोडून आणायचा, हात धुवायचे आणि चष्मा लावून वाचायला बसायचं. वहिनी म्हणायची, "एवढा अभ्यास शाळेत केला असता तर कलेक्टर झाला असता." त्यावर तू म्हणायचास, कलेक्टरला क्लार्कच लागतो.

मी तेविसाव्या वर्षी नर्स म्हणून लंडनला गेले, तिथलाच पासपोर्ट घेतला, जवळच्या नंदाखाल गावच्या थॉमसशी लग्न केलं ते मात्र इथे येऊन, आपल्याच चर्चमध्ये. थॉमस लंडनला बस डेपोत होता. पाठीने लवकर दगा दिला, नोकरी अर्धवट सुटली. मी रिटायर झाल्यावर त्याने हट्ट धरला की आता थंडी नको, पोर्तुगालला जाऊ. तिथे समुद्र आहे, ऊन आहे आणि पावाला पावच म्हणतात, एवढं त्याला पुरेसं होतं. आम्ही गेलो आणि पुढच्याच वर्षी ब्रेक्झिट आलं. कालपर्यंत आम्ही नुसते तिथे राहायला आलेलो होतो, दुसऱ्या दिवसापासून परदेशी झालो. राहायचा हक्क कार्डाने सिद्ध करायचा, उपचाराचा हक्क वेगळ्या फॉर्मने. मी घाबरून तुला फोन केला. तू आधी मनसोक्त हसलास. "ते पोर्तुगीज आपल्याकडे आले तेव्हा त्यांच्याकडे कोणी रेसिडेन्स कार्ड मागितलं होतं काय? किल्ला बांधून बसले. आता तू मागतेय तर रांगेत उभी करतायत." मग म्हणालास, "रडू नको, बाय. काय काय कागद हायत ते सांग."

तुझी पद्धत मला आता पाठ आहे. फॉर्म मागून वाचायचा, कारण खऱ्या अटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात. मूळ कागद हातातून सोडायचा नाही, खिडकीवरच्या माणसाला दाखवायचा आणि परत घ्यायचा. खिडकी सोडण्याआधी नाव आणि तारीख वाचून बघायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे नियमाला जो अपवाद दिलेला असतो त्याच्यावर कधी विसंबायचं नाही. "अपवाद दुसऱ्याच्या मर्जीवर असतो," तू म्हणायचास. "मर्जी सोमवारी एक, मंगळवारी दुसरी." परवा तुझा मृत्यूचा दाखला घ्यायला प्रीतीबरोबर महापालिकेत गेले, तेव्हा खिडकीसमोरच उभी राहून मी तो तीनदा वाचला. मागचा माणूस कुरकुरत होता. मी हलले नाही.

थॉमसची मूत्रपिंडं गेली ते दिवस आठवतात तुला? तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. पहिले काही आठवडे त्यांनी माणुसकीने केलं, पण कागद द्या म्हणून मागे लागले. कागद म्हणजे एस-वन नावाचा फॉर्म. त्यात ब्रिटन तिथल्या सरकारला कळवतं की या पेन्शनरच्या उपचाराची जबाबदारी आमची. माझा होता. थॉमसची पेन्शन तोकडी, म्हणून त्याला माझा नवरा म्हणून माझ्या कागदावर घ्यायचं होतं. त्यासाठी लग्नाचा दाखला हवा. तू फादरांकडे जाऊन चर्चच्या वहीतून दाखला काढलास, त्याचं भाषांतर झालं, शिक्के झाले आणि मी तो खिडकीवर दिला. खिडकीवरच्या बाईने दाखला बघितला, माझा पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. दाखल्यावरची नवरी वेगळी, पासपोर्टवरची बाई वेगळी. जन्मतारखा जुळत नव्हत्या. वर तिने दाखल्याला जोडलेला माझ्या बाप्तिस्म्याचा उतारा उघडला आणि मला विचारलं, "तुमचा बाप्तिस्मा तुमच्या जन्माआधी दोन महिने झाला, हे कसं?"

मी तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. एकच शब्द म्हणालास, "मास्तर." आपल्या गावातल्या कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आईने मला शाळेत नेलं, मास्तरांनी जन्मतारीख विचारली, आई म्हणाली भातलावणीच्या आधी कधीतरी, आणि मास्तरांनी वर्गातल्या बाकी सगळ्यांसारखीच माझीही जूनची पहिली तारीख घालून टाकली. तीच शाळेच्या दाखल्यावर, तीच नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर, तीच पासपोर्टवर. खरी तारीख राहिली फक्त चर्चच्या वहीत. ही गोष्ट लिस्बनच्या वाटेवरच्या एका ऑफिसातल्या बाईला कशी पटवायची? मला वाटलं, थॉमस आता जातो. मी नर्स आहे, डायलिसिस चुकला तर किती दिवस लागतात ते मला माहीत होतं.

तू काय केलंस ते मी आजपर्यंत दहा लोकांना तरी सांगितलं असेल. तू दोन दिवस सायकल घेऊन फिरलास. माझ्या वर्गातल्या ज्या मुली-मुलगे अजून इथे होते त्यांच्या घरी गेलास. गास गावी सासरी गेलेल्या दोघी, नंदाखालची एक, गिरीजमधलेच चौघे. प्रत्येकाकडून शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतलास. सातही दाखल्यांवर तीच तारीख. त्यातल्या तिघांचे बाप्तिस्म्याचे उतारेही आणलेस. मग तुझ्या त्या टापटीप इंग्रजीत एका पानाचं पत्र लिहिलंस: आमच्या भागात त्या काळी जन्माची नोंद चर्चमध्ये होई आणि शाळेत मुख्याध्यापक सोयीची तारीख घालत, सोबत पुरावा जोडला आहे, या सगळ्यांचा जन्म एकाच दिवशी झाला असेल तर तो आमच्या गावातला फार कष्टाचा दिवस असला पाहिजे. ते शेवटचं वाक्य काढ म्हणून मी तुझ्याशी भांडले. ऑफिसात थट्टा चालत नाही, म्हटलं. तू म्हणालास, "राहू दे. माणूसच वाचणार हाय ते."

माणसानेच वाचलं. ती बाई हसली, आत गेली, दुसऱ्या एकाला दाखवून आणलं, तोही हसला. मग तिने शिक्का मारला. थॉमसला त्यानंतर दोन वर्षं मिळाली. एकही खेप चुकली नाही. तुझ्या त्या पत्राची एक प्रत तिने स्वतःसाठी ठेवून घेतली, हे मी तुला सांगितलं होतं की नाही ते आठवत नाही. सांगितलं नसेल तर आता सांगते.

त्या दोन वर्षांबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. आपल्या घरात बहीण-भावात तसं बोलत नाहीत. थॉमसने मात्र मानले होते. शेवटच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "तुझ्या भावाने मला कागदावर जिवंत ठेवलं, बाकी डॉक्टरांनी." त्याला तिथेच पुरलं, कारण त्याला तिथलं ऊन हवं होतं.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. थॉमस गेल्यावर तीन महिन्यांनी मी इथे आले तेव्हा तू मला मागच्या बाजूची खोली दाखवलीस. फरशी नवीन, बाथरूम आतच, खिडकीतून बावखलाचं पाणी दिसतं. "तुझी हाय," म्हणालास. "आता एकटी काय करशील तिकडे?" मी म्हटलं बघू. मला नाही म्हणता आलं नाही. त्या खोलीत तू स्वतः रंग लावला होतास.

नाही म्हणायला मला एक छान कारण सापडलं, आणि तेही तूच दिलेलं. पोर्तुगालात कायम राहायच्या कार्डाचा नियम असा होता की पाच वर्षं सलग राहणं दाखवायचं, आणि त्या काळात वर्षाला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. बाहेर राहिलीस तर सगळं पहिल्यापासून, कदाचित मिळणारही नाही. तू हे मला इतक्यांदा बजावलं होतंस की आता मी ते तुलाच ऐकवू लागले. ख्रिसमसला ये म्हणालास की, दिवस पुरणार नाहीत दादा. प्रीतीच्या साखरपुड्यानंतर अजून महिनाभर राहा म्हणालास की, नको, दिवस भरतील. तू लगेच गप्प व्हायचास. कागद म्हटला की तुझा वाद संपायचा. वहिनी मात्र नाराज व्हायची. "कसले दिवस नि काय. स्वतःच्या घरी यायला पण मोजून यायचं." तू तिला दटावायचास, "कागदाचं तुला नाय कळत."

खरं कारण लिहायला मला आज आठ दिवस लागले. मला परत यायचं नव्हतं. इथे मी कोणाची तरी बहीण, कोणाची आत्या, कोणाची नणंद. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात दहा जणी विचारणार, एकटीच का, मूल का झालं नाही, तिकडचं घर कोणाला देणार. तिथे मी दाराला कुलूप लावून समुद्रावर चालायला जाते आणि मला कोणी काही विचारत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी काढल्यावर मला ते आवडायला लागलं, दादा. त्यात तुझा काही दोष नव्हता. हे तुझ्यासमोर बसून सांगायची हिंमत मात्र मला झाली नाही.

दीड वर्षापूर्वी माझं कायमचं कार्ड आलं. पाच वर्षं पूर्ण झाली होती. आता दिवस मोजायची गरज नव्हती. मी सलग चार वर्षं गिरीजला येऊन राहिले असते तरी तिथला हक्क गेला नसता. मी ते कार्ड पाकिटात घातलं आणि तुला सांगितलं नाही. तू विचारलंस, "काय झालं कार्डाचं?" मी म्हटलं, ऑफिसात गर्दी आहे, जुन्यावरच चाललंय. तू म्हणालास, "बरं. मंग दिवस सांभाळ." पुढच्या ख्रिसमसला तू मला ये म्हणाला नाहीस. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

चार महिन्यांपूर्वी तुझ्या पोटाचं दुखणं निघालं. मला कोणी कळवलं नाही. फोन चालूच होते आपले, तुझ्या संध्याकाळी, माझ्या दुपारी. व्हिडिओ लावू नको, नेट चालत नाही, असं म्हणायचास. आवाज खोल गेला होता. मी विचारलं तर घसा बसलाय, हवा बदललीये. मी, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, त्या आवाजावर विश्वास ठेवून एलीनच्या फॉर्मबद्दल बोलत बसले. शेवटच्या फोनवर तू मला तिच्या पत्ता बदलाच्या अर्जात चूक दाखवलीस. पंधरा दिवसांनी प्रीतीचा फोन आला. माझ्यासाठी दफन एक दिवस थांबवलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी मी प्रीतीवर चिडले. मला का नाही सांगितलं, म्हणून ओरडले. ती बिचारी रडायला लागली. "आत्या, पप्पांनी मना केलेलं. बोलले, तिचे दिवस संपलेत, ती आली तर तिचं कार्ड जाईल. कोणी फोन नाय करायचा. मी दोनदा लपून करणार होते, पण मला वाटलं तुझं तिकडचं सगळं जाईल, औषधपाणी पण."  मी तिला जवळ घेतलं, पण कायमचं कार्ड आलंय हे सांगितलं नाही. पुढचे चार-पाच दिवस मी ते ओझं घेऊन तुझ्या घरात वावरले. मी खोटं बोलले, तू ते खरं मानलंस आणि माझा कागद वाचवायला मला न बोलावताच मेलास. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सातव्या दिवसाचा मिस्सा झाला, पाहुणे पांगले. वहिनी केळीची पानं पुसत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. कार्ड कधी आलं, मी का लपवलं, सगळं. मला वाटलं, ती उठून जाईल, किंवा मला निघून जायला सांगेल. तिने हातातलं पान पुसून बाजूला ठेवलं.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून?

"पाच वर्सं झाली त्या दिवशीच बोलला मला. आता तिला कसलं बंधन नाय, बोलला. मी बोलले, मंग बोलव की तिला. तर बोलला, तिला यायचं असतं तर तिनेच सांगितलं असतं. तिला माझ्या तोंडावर नाय बोलायला लागू नये. दिवसांचं कारण हाय तिच्याजवळ, ते राहू दे."

"मग प्रीतीला तसं का सांगितलं? दिवस संपलेत म्हणून?"

"नायतर पोरं तुला बोलली असती. बाप मरतोय आणि आत्या येत नाय. आता कोणी बोलणार नाय तुला."

अर्थात तुला ठाऊक असणार. शेवटचं पान आधी वाचणारा माणूस तू. माझी पाच वर्षं कधी भरतात हे माझ्याआधी तुला माहीत असणार, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? 'दिवस सांभाळ' म्हणालास तेव्हा तू माझं खोटं माझ्यासाठी जपून ठेवत होतास. तुझ्याएवढा सरळ माणूस मी पाहिला नाही. शाळेतल्या एकाही दाखल्यावर तू कोणाच्या सांगण्यावरून तारीख बदलली नाहीस, त्यासाठी नातेवाईक तोडलेस. आणि मुलांपाशी खोटं बोललास ते माझ्यासाठी, मरताना, मला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून.

मी या खोलीत बसून हे लिहिते आहे. वहिनीने विचारलंय, किती दिवस राहशील. मी सांगितलं, माहीत नाही. मी इथेच राहीन असं म्हणणार नाही, कारण आता तुझ्याशी तरी खरं बोलायला हवं. थॉमस तिकडे आहे, एलीन तिकडे आहे, आणि मला अजूनही माझी किल्ली माझ्या पर्समध्ये असलेली आवडते. तुझं वाचन बरोबर होतं. मला राहायला यायचं नव्हतं.

पण दादा, तू आजारी होतास. राहायला येणं वेगळं आणि तुझ्याकडे येणं वेगळं, हे तुला कोणत्याच पानावर लिहिलेलं मिळालं नसतं. ते मी सांगायला हवं होतं. फोनवर एकदा नुसतं 'ये' म्हणाला असतास, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात मी बसले असते.

तुझी,
बाय